ईसीयूमधील अनोळखी चिप्स: आधी ओळख पटवावी की आधी प्रोग्राम वाचावा?

चिपचिकित्सक

माझ्यासमोर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या एका पेट्रोल गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, उघडून ठेवलेला आहे. इंजिन चार सिलिंडरचे असून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर आणि सर्वांना मिळून एक इग्निशन कॉइल आहे. इंजिनात काही यांत्रिक बदल झालेले असल्यामुळे मूळ इग्निशन टायमिंग त्याला मानवत नाही, म्हणून ठिणगीचा हिशेब हा ईसीयू नेमका कसा करतो ते मला समजून घ्यायचे आहे. नवीन प्रणाली बसवा, हा सल्ला मला अनेकांनी दिलेला आहे. तो बाजूला ठेवून उत्तरे मिळाली तर बरे होईल.

बोर्डावर जे दिसते ते असे. ५२ पायांचा चौकोनी मुख्य प्रोसेसर आहे आणि त्यावर मोटोरोलाचे चिन्ह आहे, पण क्रमांक ‘एससी’ या अक्षरांनी सुरू होतो आणि तो कोणत्याही डेटाशीटमध्ये, म्हणजे निर्मात्याच्या माहितीपत्रकात, सापडत नाही. शेजारी २८ पायांची २७सी२५६, म्हणजे प्रोग्राम साठवणारी आणि अतिनील प्रकाशाने पुसली जाणारी मेमरी, असून तिच्या काचेवर कागदी लेबल चिकटवलेले आहे. याशिवाय एक ७४एचसी३७३ (आठ बिट धरून ठेवणारी लॅच) आणि आठ पायांची एक ९३सी४६ (विजेने पुसली जाणारी छोटी मेमरी) आहे. ४४ पायांच्या आणखी एका चिपवर फक्त पाच अंक आणि खालच्या ओळीत ९२३८ एवढेच छापलेले आहे. कडेला धातूच्या पट्टीला टेकवलेल्या चार चिप्स आहेत आणि त्यांचे क्रमांकही असेच निनावी आहेत.

माझे मत असे आहे की प्रत्येक चिपची ओळख पटल्याशिवाय प्रोग्रामला हात लावण्यात अर्थ नाही. जाणकारांना ते पटते का?

वाचनमात्र

विषय आवडीचा आहे. तूर्त रुमाल टाकून ठेवतो.

सोल्डरधारी

‘एससी’वरूनच सुरुवात करू, कारण तेथे बरेच जण अडकतात. मोटोरोला आपल्या सर्वसाधारण विक्रीच्या चिप्सना ‘एमसी’, चाचण्या पूर्ण न झालेल्यांना ‘एक्ससी’ आणि एखाद्या ग्राहकासाठी वेगळा क्रमांक छापून दिलेल्यांना ‘एससी’ असे उपपद लावत असे. म्हणजे तुमचा क्रमांक डेटाशीटमध्ये सापडणारच नाही. तो मोटोरोला आणि ईसीयूचा निर्माता यांच्यातला खासगी क्रमांक आहे. आतला सिलिकॉन मात्र बहुधा नेहमीचाच असतो. ५२ पायांचा चौकोनी आकार, तो काळ आणि शेजारचे ७४एचसी३७३ पाहता मी मोटोरोलाच्याच ६८एचसी११ या प्रोसेसरच्या ए किंवा ई मालिकेवर पैज लावीन.

क्रमांकांविषयी आणखी थोडे. ९२३८ हा चिपचा क्रमांक नसून १९९२ सालचा ३८ वा आठवडा आहे; त्याची डेटाशीट शोधण्यात वेळ घालवू नये. सीमेन्सच्या चिप्सवर ‘एसएबी’, ‘एसएएफ’ किंवा ‘एसएके’ दिसते आणि त्यावरून तापमानाची मर्यादा कळते: ‘एसएके’ म्हणजे उणे ४० ते १२५ अंश सेल्सियस, म्हणूनच इंजिनाजवळच्या उपकरणांत तेच आढळते. बॉशच्या ईसीयूंमध्ये पाच अंकी घरगुती क्रमांकांची मोठी फौज असते आणि ते सार्वजनिक यादीत मिळत नाहीत.

शोधताना कंपन्यांची वंशावळही माहीत असावी लागते. सीमेन्सचा अर्धवाहक विभाग १९९९ मध्ये इन्फिनिऑन झाला, मोटोरोलाचा २००४ मध्ये फ्रीस्केल झाला आणि २०१५ मध्ये एनएक्सपीत विलीन झाला, तर हिताची आणि मित्सुबिशी यांचे विभाग २००३ मध्ये एकत्र येऊन रेनेसास उभी राहिली. जुन्या चिपची डेटाशीट आजच्या वारसाकडे मिळते किंवा कोठेच मिळत नाही.

निवांत नट

माझ्याकडच्या एका बोर्डावर निर्मात्याने क्रमांक चक्क घासून काढलेले आहेत आणि वर रेझिन ओतलेले आहे. चिपचिकित्सक, तुमच्या निर्मात्याने निदान पाच अंक तरी ठेवले आहेत, त्याचे आभार माना.

मोजमाप

सोल्डरधारी यांच्याशी सहमत आहे, पण क्रमांकावर पैज लावण्याची गरज नाही, कारण ती गोष्ट मल्टिमीटरने तपासता येते. ६८एचसी११ च्या ५२ पायांच्या आवृत्तीत पिन १ ग्राउंड, पिन २६ पाच व्होल्ट, पिन ७ आणि ८ क्रिस्टल, आणि पिन १७ रीसेट असते. विस्तारित पद्धतीत, म्हणजे बाहेरची मेमरी वापरताना, हा प्रोसेसर खालचे आठ अॅड्रेस आणि डेटा एकाच पिनांवरून आलटून पालटून पाठवतो. ते वेगळे करण्यासाठीच ७४एचसी३७३ लागते. त्यामुळे प्रोसेसरची पिन ४ आणि ३७३ ची पिन ११ यांच्यात कंटिन्युइटी (सलग जोडणी) मिळाली, तर ओळख पटली असे समजावे. क्रिस्टल ८ मेगाहर्ट्झचे असेल तर पिन ५ वर २ मेगाहर्ट्झचा चौकोनी सिग्नल दिसला पाहिजे.

बाकीच्या चिप्सच्या बाबतीत माझी पद्धत नेहमी बाहेरून आत जाण्याची आहे. चिप कोण आहे हे विचारण्याऐवजी ती कोणाशी बोलते हे विचारावे. गाडीच्या वायरिंग आराखड्यात कनेक्टरच्या प्रत्येक पिनचे काम लिहिलेले असते. तेथून ट्रॅक धरून आत यावे. इंजेक्टरची तार ज्या चिपच्या पायाशी पोहोचते ती इंजेक्टर चालवणारी चिप आहे, मग तिच्यावर काहीही छापलेले असो. तिच्या ग्राउंडच्या वाटेवर एखाद्या ओहमच्या दशांशाइतका जाडजूड रेझिस्टर असेल तर ती प्रवाह मोजून मर्यादित करते. तापमानाच्या सेन्सरची तार पाच व्होल्टला जोडलेल्या एका रेझिस्टरपाशी आणि पुढे लहान फिल्टरमधून प्रोसेसरच्या अॅनालॉग पिनवर जाते. क्रँक सेन्सरच्या (क्रँकशाफ्टचे फिरणे टिपणाऱ्या सेन्सरच्या) दोन तारा मोठ्या रेझिस्टरमधून आणि डायोडच्या जोडीवरून एखाद्या १४ पायांच्या चिपकडे जात असतील, तर एलएम१८१५ किंवा तिच्या एखाद्या बहिणीची डेटाशीट शेजारी ठेवून पाय जुळवून पाहावेत.

या पद्धतीने नव्या बोर्डावरची चिपही क्रमांकाशिवाय ओळखता येते. आठ पायांची, पिन २ ग्राउंड, पिन ३ पाच व्होल्ट, पिन ६ आणि ७ थेट कनेक्टरकडे, आणि त्या दोघींच्या मध्ये कोठेतरी १२० ओहम: हे कॅनचे, म्हणजे गाडीतल्या ईसीयूंना एकमेकांशी जोडणाऱ्या जाळ्याचे, ट्रान्ससीव्हर आहे. पीसीए८२सी२५०, टीजेए१०५० आणि टीएलई६२५० या तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या किंवा पिढ्यांच्या असूनही हे पाय सारखेच आहेत.

द्विमान

येथे मी चक्क विरोध नोंदवतो. धागाकर्त्याचे उद्दिष्ट इग्निशनचा हिशेब समजणे हे आहे, बोर्डाचा नकाशा काढणे हे नाही. २७सी२५६ काढा, प्रोग्रामर यंत्रावर वाचा (काचेवरचे लेबल निघाले तर लगेच दुसरे लावा) आणि ३२ किलोबाइट हातात घेऊन बसा. ६८एचसी११ असेल तर ही मेमरी ८००० ते एफएफएफएफ या पत्त्यांवर बसते (पत्ते आणि बाइट सोळा-आधारी अंकांत लिहितो आहे), आणि अगदी शेवटचे दोन बाइट, म्हणजे एफएफएफई आणि एफएफएफएफ, प्रोग्राम कोठून सुरू होतो ते सांगतात. त्याच्या लगेच आधी बाकीची व्यत्यय-सूची, म्हणजे कोणत्या घटनेने चालू काम थांबवून कोठे जायचे त्याचे पत्ते, असते: एफएफईई येथे इनपुट कॅप्चर १ चा (आलेल्या सिग्नलची वेळ टिपण्याचा) पत्ता, एफएफई८ येथे आउटपुट कंपेअर १ चा (ठरलेल्या वेळी सिग्नल देण्याचा), एफएफएफ२ येथे बाह्य व्यत्ययाचा. क्रँकचा सिग्नल टायमरला जोडलेला असेल तर कॅप्चरचा पत्ताच तुम्हाला क्रँकच्या चाकावरील दातांच्या हिशेबापर्यंत घेऊन जातो.

नकाशे, म्हणजे टायमिंग आणि इंधनाचे तक्ते, शोधण्याचाही सरळ मार्ग आहे. या प्रोसेसरवर दोन बिंदूंमधील मूल्य काढायचे तर गुणाकार करावाच लागतो आणि गुणाकाराची सूचना ३डी हा एकच बाइट आहे. ज्या लहान उपप्रोग्राममध्ये ३डी येतो आणि ज्याला बीडी या सूचनेने ठिकठिकाणांहून हाक मारली जाते, तो बहुतेक वेळा तक्ता वाचणारा उपप्रोग्राम असतो. प्रत्येक हाकेच्या आधी सीई या सूचनेने एक्स रजिस्टरमध्ये जो पत्ता भरला जातो, तो तक्त्याचा पत्ता. एकाही चिपला मल्टिमीटर न लावता सर्व तक्त्यांची यादी एका बैठकीत तयार होते.

सोल्डरधारी

यादी तयार होईल, पण त्यातला इग्निशनचा तक्ता कोणता आणि निष्क्रिय गतीचा (आयडलिंगचा) कोणता, हे कशावरून ठरवणार? प्रोग्राम सांगेल की पोर्टचा तिसरा बिट उंचावला. त्या बिटाच्या पलीकडे इंधन पंपाचा रिले आहे की डॅशबोर्डवरचा दिवा, हे तांब्याचा ट्रॅकच सांगेल.

द्विमान

तक्त्याचा आकार पुष्कळ काही सांगतो. १६ गुणिले १६ चा, गतीबरोबर सावकाश वाढणारा आणि भार वाढल्यावर घटणारा तक्ता दिसला, तर तो टायमिंगचा आहे हे समजायला ट्रॅक लागत नाही. आपला मुद्दा मात्र निम्मा मान्य आहे.

मोजमाप

द्विमान यांच्या मार्गात एक खाचखळगा आहे. या मालिकेतल्या काही चिप्समध्ये आतच ८ किलोबाइटची कायमची मेमरी असते आणि ती चालू ठेवलेली असेल तर ई००० च्या वरचा भाग, व्यत्यय-सूचीसकट, आतूनच वाचला जातो. तसे असेल तर बाहेरच्या मेमरीच्या शेवटी निव्वळ एफएफ भरलेले दिसेल. शेवटचे बाइट आधी पाहून घ्यावेत. ते पत्त्यांसारखे दिसले तर सुटलात.

आडवळणी

ही सर्व चर्चा सुट्या मेमरीच्या काळातली झाली. नंतरच्या ईसीयूंचे काय? बॉशच्या एमई७ या ईसीयूमध्ये सी१६७ प्रोसेसर आणि बाहेर २९एफ८०० फ्लॅश होती, तोवर ती मेमरी काढून वाचणे शक्य होते. त्यांच्याच नंतरच्या ईडीसी१७ मध्ये ट्रायकोअर प्रोसेसर आले आणि फ्लॅश प्रोसेसरच्या पोटात गेली, तीही पासवर्डमागे. तेथे कनेक्टरवरून आत या, हा सल्ला कितपत टिकतो?

द्विमान

बोर्डापुरता तो टिकतोच, कारण इंजेक्टर आणि सेन्सर अजूनही तांब्यानेच जोडलेले आहेत. मेमरीच्या बाबतीत दार वेगळे असते. डायग्नॉस्टिक कनेक्टरवरून यूडीएस या निदान-संवादाच्या प्रमाणित पद्धतीतील २३ क्रमांकाच्या सेवेने मेमरी वाचता येते, पण त्याआधी २७ क्रमांकाच्या सेवेत ईसीयूने दिलेल्या आकड्याचे योग्य उत्तर द्यावे लागते, आणि रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांत २३ बहुधा बंदच ठेवलेली असते.

फाइल मिळालीच तर पहिला प्रश्न बाइटांच्या क्रमाचा असतो. ट्रायकोअर आणि सी१६७ कमी महत्त्वाचा बाइट आधी ठेवतात. ईडीसी१६ मधील पॉवरपीसी आणि डेन्सोच्या ईसीयूंमधील एसएच७०५८ हे अधिक महत्त्वाचा आधी ठेवतात. क्रम उलटा धरला की गतीच्या अक्षावर चढती श्रेणी दिसण्याऐवजी नुसती धुळवड दिसते. ट्रायकोअरमध्ये एकच फ्लॅश ८००००००० आणि ए००००००० अशा दोन पत्त्यांवर दिसते, पहिली कॅशमधून आणि दुसरी थेट, हेही लक्षात ठेवावे. २०१९ मध्ये खुले झालेले घिड्रा हे विश्लेषणाचे सॉफ्टवेअर ट्रायकोअर, पॉवरपीसी आणि सुपरएच (एसएच७०५८ चे कूळ) तिन्ही उलगडते, त्यामुळे सुरुवातीचा खर्च तरी उरलेला नाही.

वाचनमात्र

एक भाबडा प्रश्न विचारतो. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम असा उलगडून पाहणे योग्य आहे का?

आडवळणी

योग्य आहे की नाही हे उद्देशावर ठरते, आणि त्याचे मोठे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचे उत्सर्जन-चाचणीतील फसवणुकीचे प्रकरण उघड झाले. त्याच डिसेंबरमध्ये संगणक-सुरक्षा संशोधक फेलिक्स डोमके यांनी हॅम्बर्गच्या ३२सी३ या हॅकर परिषदेत ईडीसी१७ मधील प्रोग्राम उलगडून दाखवला. २०१७ मध्ये संशोधकांच्या एका गटाने त्याच कुळातील अनेक आवृत्त्या तपासल्या. वेळ आणि कापलेले अंतर यांच्या वक्ररेषा त्या प्रोग्राममध्ये भरलेल्या होत्या; गाडीची वाटचाल त्या मर्यादांत राहिली की ती प्रयोगशाळेतील चाचणी समजली जाई. त्या अटीला दिलेले नाव इंजिनाच्या आवाजाशी संबंधित होते, हे मला सर्वांत रोचक वाटते. प्रोग्राममधील नावांवर विसावू नये आणि मूल्य कोठे वापरले जाते ते पाहावे, हा धडा चिपच्या क्रमांकांनाही तसाच लागू पडतो.

निवांत नट

म्हणजे तेथेही पाट्या फसव्याच होत्या. पाट्या घासून काढणारा आमचा निर्माता प्रामाणिक निघाला म्हणायचा.

संचालक

कायद्याच्या बाबतीत देशोदेशी नियम वेगळे आहेत. अमेरिकेत २०१५ मध्ये वाहनमालकाला दुरुस्ती आणि कायदेशीर बदल यांसाठी सूट मिळाली, पण उत्सर्जनाचे नियम मोडण्याची मुभा मिळाली नाही. येथील चर्चा समजून घेणे आणि दुरुस्ती यापुरती ठेवावी. उत्सर्जन नियंत्रण किंवा चोरीविरोधी कुलूप काढून टाकण्याचे प्रश्न या धाग्यावर उडवले जातील.

चिपचिकित्सक

सर्वांचे आभार. दोन्ही मार्ग एकाच वेळी धरले आणि जे हाती आले ते मांडतो.

प्रोसेसर ६८एचसी११ च आहे. पिन ४ आणि ३७३ ची पिन ११ जुळल्या, पिन ५ वर २ मेगाहर्ट्झ मिळाले. बाहेरच्या मेमरीचे शेवटचे बाइट व्यवस्थित पत्ते आहेत, त्यामुळे मोजमाप यांची शंका फिटली. कडेच्या चार निनावी चिप्सपैकी दोन इंजेक्टरच्या, एक निष्क्रिय गतीच्या व्हाल्व्हची आणि एक रिले व दिव्यांची निघाली.

पेच पुढे आहे. द्विमान यांनी सांगितल्याप्रमाणे इनपुट कॅप्चरचे पत्ते पाहिले, तर तिन्ही एकाच ठिकाणी जातात आणि तेथे फक्त ३बी हा बाइट आहे. म्हणजे व्यत्यय आला तर काहीही न करता परत जा. क्रँक सेन्सरच्या चिपचा सिग्नल प्रोसेसरपर्यंत येतच नाही. तो त्या ४४ पायांच्या, पाच अंकी चिपमध्ये शिरतो आणि तिच्यातून एक ट्रॅक प्रोसेसरच्या पिन १९ वर, म्हणजे बाह्य व्यत्ययावर येतो. कॉइलच्या ड्रायव्हरकडे जाणारा ट्रॅकही तिच्यातूनच निघतो. आता या चिपची डेटाशीट कोठून आणू?

द्विमान

ट्रॅकशिवाय हे मला दिसले नसते, हे मान्य करतो.

सोल्डरधारी

डेटाशीट मिळणार नाही, पण आता तिची गरजही उरलेली नाही. दातांचा सिग्नल आत आणि कॉइलचा हुकूम बाहेर, म्हणजे ती निर्मात्याने स्वतःसाठी बनवून घेतलेली टायमिंगची चिप आहे. ती आठ डेटा ओळींवर बसलेली असेल तर प्रोसेसर तिच्याकडे मेमरीसारखेच पाहतो. प्रोग्राममध्ये बी७ आणि एफडी या साठवणीच्या सूचना शोधा आणि त्यांच्या पुढचे पत्ते लिहून काढा. आतली रॅम ०००० पासून, रजिस्टर १००० पासून (ती हलवली आहेत का हे पाहायला सुरुवातीलाच १०३डी वर काय लिहिले जाते ते तपासा), आणि ८००० च्या पुढे कायमची मेमरी. यांपैकी कशातच न बसणारे पत्ते त्या चिपचे.

मोजमाप

आणि ते पत्ते मिळाले की टेबलावर खोटी क्रँक फिरवा, म्हणजे दातांचा बनावट सिग्नल द्या. ६०-२ चे (साठ जागांपैकी दोन दात गाळलेले) चक्र असेल तर हिशेब सोपा आहे: प्रत्येक दात ६ अंशांचा, त्यामुळे मिनिटाला जितके फेरे तितक्याच हर्ट्झची दातांची वारंवारता. १००० फेऱ्यांना १ किलोहर्ट्झ, प्रत्येक फेरीत दोन दात गाळून. वीजपुरवठ्याला प्रवाहाची मर्यादा घाला आणि खरी कॉइल जोडू नका. तिच्या प्राथमिक बाजूलाही प्रवाह तुटताना काहीशे व्होल्ट उठतात.

चिपचिकित्सक

४००० ते ४००७ असे आठ पत्ते मिळाले. ४००२ वर प्रत्येक व्यत्ययात नवे मूल्य लिहिले जाते आणि भाराचा सिग्नल बदलला की ते बदलते. ही ठिणगीची वेळ आहे की कोन?

द्विमान

तक्ता सपाट करून पाहा. टायमिंगच्या तक्त्यातील सर्व घरांत एकच आकडा भरा, तापमान आणि भार स्थिर ठेवा आणि फक्त गती दुप्पट करा. ४००२ वरचे मूल्य निम्मे झाले तर ती वेळ आहे. जागचे हलले नाही तर तो कोन आहे. १००० फेऱ्यांना एक अंश म्हणजे सुमारे १६७ मायक्रोसेकंद, त्यामुळे फरक नजरेतून सुटणार नाही.

सोल्डरधारी

वारंवार बदल करायचे तर विजेने पुसली जाणारी २७एसएफ५१२ वापरा, म्हणजे दर वेळी अतिनील दिव्याची वाट पाहावी लागणार नाही. २७सी२५६ ची पिन १ बोर्डवर सहसा पाच व्होल्टला बांधलेली असते आणि मोठ्या चिपमध्ये तीच वरची अॅड्रेस ओळ असते, म्हणून ईसीयूला तिचा वरचा अर्धाच दिसतो. गोंधळ नको असेल तर दोन्ही अर्ध्यांत तोच प्रोग्राम भरावा.

चिपचिकित्सक

सपाट तक्ता भरल्यावर ईसीयूने दोषाचा दिवा लावला आणि टायमिंग एका ठरावीक आकड्यावर अडकवून ठेवले.

मोजमाप

ती बेरजेची तपासणी आहे. रीसेटनंतर लवकरच एखादे लहान चक्र सर्व बाइट मिळवत जाते आणि शेवटी साठवलेल्या मूल्याशी तुलना करते. तुलनेची ती सूचना निष्प्रभ करण्यापेक्षा न वापरलेल्या जागेतला एखादा एफएफ बदलून बेरीज जुळवणे बरे. पुढे फाइलींची गल्लत झाली तर तीच तपासणी तुमच्या उपयोगी पडेल.

चिपचिकित्सक

बेरीज जुळवली, दिवा गेला. गती १००० वरून २००० केली आणि ४००२ वरचे मूल्य जागचे हलले नाही. म्हणजे प्रोसेसर कोन लिहितो आणि दोन दातांमधल्या अंतराचे तुकडे ती चिप स्वतः करते. तक्त्यातील आकडा चारने वाढवला की ऑसिलोस्कोपवर ठिणगी ३ अंश पुढे सरकते, तेव्हा एक एकक पाऊण अंशाचे आहे. ४००३ वर काय लिहिले जाते ते अजून उलगडलेले नाही. ते फक्त बॅटरीचे व्होल्टेज बदलल्यावर बदलते.

सोल्डरधारी

मग तो कॉइल भरण्याचा काळ असणार. व्होल्टेज कमी केल्यावर आकडा वाढतो का, एवढे पाहून सांगा.

चिपचिकित्सक

होय, वाढतो.